विश्लेषण : सागरी मार्गाची एका दिवसाची सहल खरोखर एका दिवसाची असते का? अवसरी बुद्रुकहून समुद्र किती दूर?

दिवाळी संपली, कांद्याची लागवड उरकली की आंबेगाव-जुन्नरच्या गावांत सहलींचे बेत ठरू लागतात. पूर्वी हे बेत मोठ्या बसचे असत. आता बारा-पंधरा जणांचा गट, एक १७ आसनी गाडी, सोबत माहिती सांगणारा मार्गदर्शक आणि ‘पहाटे निघा, रात्री घरी या’ अशी हमी देणाऱ्या सहलींना मागणी आहे. त्यात सर्वात आकर्षक वाटतो तो कोकणचा सागरी मार्ग. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नारळी-पोफळीच्या वाड्या आणि मध्ये किल्ले. पण अवसरी बुद्रुकसारख्या घाटमाथ्यावरच्या गावातून ही सहल एका दिवसात बसवताना अंतर, चालकाचे तास आणि भरती-ओहोटी यांचे गणित जमते का, याचा हा आढावा.

सागरी मार्ग म्हणजे नेमका कोणता रस्ता?

‘कोस्टल रोड’ म्हटले की आता अनेकांच्या डोळ्यांसमोर मुंबईतील रस्ता येतो. मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झालेला तो सुमारे साडेदहा किलोमीटरचा शहरी मार्ग आहे. सहलींच्या जाहिरातींत उल्लेख असतो तो कोकणच्या सागरी महामार्गाचा. रायगड जिल्ह्यातील रेवसपासून सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला, गोव्याच्या सीमेजवळ असलेल्या रेड्डीपर्यंत सुमारे ५०० किलोमीटरचा हा मार्ग. त्याची कल्पना बॅरिस्टर ए. आर. अंतुले यांच्या नावाशी जोडली जाते. ते १९८० ते १९८२ या काळात मुख्यमंत्री होते. राज्याच्या २०२१-२२ च्या अर्थसंकल्पात ९,५७३ कोटी रुपयांच्या या कामाची नव्याने घोषणा झाली आणि जबाबदारी महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आली.

मात्र आज हा सलग महामार्ग नाही. तो गावांतून जाणारे अरुंद रस्ते, जुने पूल आणि खाड्यांवरील फेरीबोटी यांची साखळी आहे. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या ठिकाणी गाडी बोटीत चढवून खाडी ओलांडावी लागते. म्हणून ‘सागरी मार्गाची सहल’ म्हणजे प्रत्यक्षात त्यातल्या एखाद्या तुकड्याची सहल. कोणता तुकडा, हे जाहिरातीत स्पष्ट लिहिलेले नसेल तर पहिला प्रश्न तोच विचारायला हवा.

अवसरी बुद्रुकहून यातला कोणता तुकडा आवाक्यात येतो?

सर्वात जवळचा तुकडा अलिबाग ते मुरूडचा. अवसरी बुद्रुकहून मंचर, राजगुरुनगर, चाकण, तळेगाव, तेथून द्रुतगती मार्गाने बोरघाट उतरून खोपोली, पेण, वडखळ आणि अलिबाग असा रस्ता धरला तर अंतर साधारण १६० किलोमीटर भरते. अलिबागहून आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा, कोर्लई, काशीद, नांदगाव करत मुरूडला पोहोचेपर्यंत आणखी ५० किलोमीटर. म्हणजे एका बाजूने सुमारे २१० आणि जाऊन-येऊन ४२० किलोमीटर.

दुसरा तुकडा दिवेआगर, शेखाडी, श्रीवर्धन, हरिहरेश्वरचा. दिवेआगर-श्रीवर्धन रस्ता समुद्राला इतका चिकटून जातो की पाहणाऱ्यांच्या मते रायगडातील सर्वात देखणा रस्ता हाच. पण त्यासाठी पुणे गाठून ताम्हिणी घाट उतरावा लागतो. पुण्याहूनच दिवेआगर १६० किलोमीटरच्या पुढे आहे. मंचर ते पुणे हे ६० किलोमीटर त्यात धरले की जाऊन-येऊन साडेचारशेच्या वर आकडा जातो. तिसरा, रत्नागिरी-गणपतीपुळे दरम्यानचा आरे-वारेचा रस्ता समाजमाध्यमांवर सर्वाधिक दिसतो, पण तो इथून एका दिवसाच्या हिशेबात बसतच नाही.

त्यामुळे व्यवहारात प्रश्न उरतो तो अलिबाग-मुरूडचाच. तोही कागदावर दिसतो तितका सोपा नाही. पुणे-नाशिक महामार्गावर मंचर आणि राजगुरुनगरला बाह्यवळण झाल्याने सुरुवातीचा वेळ वाचतो, पण चाकणच्या तळेगाव चौकात तो पुन्हा खर्ची पडतो. सुट्टीच्या दिवशी वडखळ-अलिबाग दरम्यानची कोंडी नेहमीची आहे. द्रुतगती मार्गाचा तुकडा धरूनही सरासरी वेग ताशी ४० किलोमीटरच्या फार वर जात नाही.

मग गणित कुठे फसते?

४२० किलोमीटरला ताशी ४० चा वेग लावला तर नुसते गाडी चालवणे साडेदहा तासांचे होते. त्यात चहा-नाश्ता, जेवण, किल्ला, किनारा असे सात-आठ तास धरले की पहाटे चारला निघालेली गाडी रात्री दहा-अकराला गावात परतते. प्रवासी परतीच्या वाटेवर झोपतात. चालकाला झोपता येत नाही.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकासाठी दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. लांब पल्ल्यासाठी वा सणासुदीला परवानगी घेऊन ती दिवसाला दहा तासांपर्यंत नेता येत असे. सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि कामाचा एकूण पसारा, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा काळ, बारा तासांच्या आत, अशी ही चौकट होती. हा कायदा आता नव्या कामगार संहितेत विलीन झाला आहे, पण दिवसाला आठ तासांचे मूळ सूत्र कायम आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ नेही व्यावसायिक वाहन चालवणाऱ्याचे कामाचे तास याच चौकटीला बांधले.

या फूटपट्टीने पाहिले तर अवसरी ते मुरूड ही एका दिवसाची सहल प्रवाशांसाठी एका दिवसाची असली, तरी चालकासाठी ते दीड-दोन दिवसांचे काम आहे. फक्त अलिबागला जाऊन परतले तरी ३२० किलोमीटर, म्हणजे आठ तास पूर्ण होतात. रेवदंड्यापर्यंत गेले की ते नऊच्या घरात जातात. जाहिरातीत ‘एक दिवस’ असा शब्द असतो, तो कोणाचा दिवस, हे सांगितलेले नसते.

कायदा आहे, तर अंमलबजावणी का होत नाही?

याचे कारण छोट्या गटाच्या सहलींच्या रचनेत आहे. १९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. तालुक्याच्या ठिकाणी अशा सहली चालवणाऱ्यांपैकी अनेकांकडे एक किंवा दोन गाड्या असतात आणि मालक हाच चालक असतो. कधी तो आयोजकही असतो आणि मार्गदर्शकही. हजेरीपत्रक नाही, तासांची नोंद नाही, त्यामुळे तपासणीही नाही. आदल्या रात्री तीच गाडी लग्नाच्या भाड्यावर होती का, हे प्रवाशांना कळायला मार्ग नाही.

जबाबदार चालकांची अडचणही समजून घ्यायला हवी. गाडीचा हप्ता, विमा, पात्रता प्रमाणपत्र, कर हे वर्षभर चालू असतात. सहलींचा हंगाम मात्र नोव्हेंबर ते मे, त्यातही शनिवार-रविवारपुरता. ‘दोन चालक घेतो, भाडे थोडे वाढेल’ असे सांगणाऱ्याचे गिऱ्हाईक शेजारच्या स्वस्त गाडीकडे जाते. म्हणजे थकव्याचा प्रश्न हा चालकाच्या बेफिकिरीइतकाच ग्राहकाच्या घासाघिशीचाही आहे.

सुरक्षिततेची किंमत माणशी किती पडते?

एक उदाहरण घेऊ. समजा, गाडीचा दर किलोमीटरला २५ रुपये आहे. ४२० किलोमीटरचे १०,५०० रुपये होतात. १४ जणांत वाटले तर माणशी ७५० रुपये. टोल, पार्किंग, जेवण, होडी आणि मार्गदर्शकाचे मानधन वेगळे. आता दुसऱ्या चालकाचा दिवसाचा मेहनताना आणि भत्ता मिळून १,५०० रुपये धरला, तर माणशी वाढ होते १०७ रुपयांची. प्रत्यक्ष दर कमी-जास्त असतील, पण प्रमाण साधारण हेच राहील. किनाऱ्यावर एका शहाळ्याला आणि भजीच्या प्लेटला जेवढे पैसे जातात, तेवढ्यात परतीच्या घाटात ताजातवाना चालक मिळतो.

घाटातील अपघातांची आठवण ताजी आहे. एप्रिल २०२३ मध्ये बोरघाटात पहाटे खासगी बस दरीत कोसळून १३ जणांचा मृत्यू झाला. डिसेंबर २०२४ मध्ये ताम्हिणी घाटात लग्नाच्या वऱ्हाडाची बस उलटून पाच जण दगावले. प्रत्येक अपघाताचे कारण वेगळे असते. मात्र पहाटे दोन ते पाच या वेळेत शरीराची झोपेची ओढ सर्वाधिक असते, हे झोपेच्या अभ्यासातून सिद्ध झाले आहे. पहाटे निघायचे म्हणून चालक रात्री दोनला उठणार असेल, तर सहलीची सुरुवातच त्या धोक्याच्या वेळेत होते.

अवसरी परिसरात आणखी एक स्थानिक बाब आहे. आंबेगाव, जुन्नर, खेड, शिरूर हा जुन्नर वन विभागाचा ऊसपट्टा बिबट्याच्या वावरासाठी ओळखला जातो. वाड्या-वस्त्यांवरील महिलांनी वा ज्येष्ठांनी पहाटे साडेतीनला अंधारात एकट्याने फाट्यावर येऊन थांबणे धोक्याचे आहे. गाडी प्रत्येकाच्या दारापर्यंत येणार का, की सगळ्यांना एका ठिकाणी जमायला सांगितले आहे, हेही आधी ठरायला हवे.

छोट्या गटाचा आणि मार्गदर्शकाचा फायदा काय?

अलिबागपुढचा रस्ता आक्षी, नागाव, चौल या गावांच्या वाड्यांमधून जातो. समोरून एसटी आली तर मोठ्या बसला मागे घ्यायलाही जागा नसते. १७ आसनी गाडी तिथे सहज निघते. बारा-चौदा माणसे मोजता येतात, एका खानावळीत एका पंगतीला बसतात, होडीत एकत्र जातात. किनाऱ्यावर कोण पाण्यात उतरले आहे, हे एका माणसाला पाहता येते. चाळीस जणांच्या बसमध्ये हे शक्य नसते.

मार्गदर्शकाचे काम नुसती सनावळी सांगण्याचे नाही. कोर्लई गावात पोर्तुगीज काळापासूनची एक मिश्र बोली आजही बोलली जाते, रेवदंड्याचा कोट पोर्तुगीजांचा, कुलाबा किल्ला आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे आणि जंजिरा सिद्दींचा, तर समोरचा पद्मदुर्ग शिवकालीन मराठ्यांचा. अवघ्या ५० किलोमीटरमध्ये चार सत्तांचा समुद्र दिसतो. हे सांगणारा कोणी नसेल तर प्रवासी फक्त वाळू आणि फोटो घेऊन परततो. पण मार्गदर्शकाची खरी परीक्षा दुसरीच. ‘आता पाण्यात उतरायचे नाही’ किंवा ‘उशीर झाला, जंजिरा रद्द’ हे पैसे भरलेल्या गटाला सांगण्याची हिंमत त्याच्यात आहे का? आयोजक, चालक आणि मार्गदर्शक एकच माणूस असेल तर हा नकार देणे सर्वात अवघड होते.

भरती-ओहोटीचा सहलीशी काय संबंध?

घाटमाथ्यावरचा माणूस पाऊस, वारा, ऊन ओळखतो. समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते-उतरते आणि ही वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, याची त्याला सवय नसते. किनाऱ्यावरचे लोक तिथीवरून अंदाज बांधतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. दशमीला दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी साडेसात-आठच्या सुमारास भरती आणि त्यानंतर सहा तासांनी, पावणेदोन-दोनच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला भरती दुपारी सव्वाअकरा ते बाराच्या आसपास येते.

याचा थेट परिणाम कार्यक्रमावर होतो. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत जाऊन पाहता येतो. पौर्णिमेच्या दिवशी सकाळी नऊला पोहोचलेल्या गटासमोर पाणी चढत असते. तेव्हा किल्ल्याकडे चालत जाणे म्हणजे परतीची वाट पाण्याखाली घालणे. दशमीच्या दिवशी मात्र दुपारी निवांत जाऊन येता येते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा चढ-उतार कमी असतो आणि ओहोटीलाही पाणी पूर्ण हटेलच असे नाही. तिथीचा हिशेब हा ठोकताळा आहे. निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचे अधिकृत वेळापत्रक आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेकडून मिळणारा उंच लाटांचा इशारा पाहणे गरजेचे. ज्या आयोजकाचा कार्यक्रम प्रत्येक रविवारी घड्याळाप्रमाणे तोच असतो, त्याने समुद्राला विचारलेले नसते, एवढे नक्की.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतील १४ विद्यार्थ्यांचा बुडून मृत्यू झाला. जुलै २०२५ मध्ये आरे-वारे येथे नात्यातील चौघे बुडाले. शांत दिसणाऱ्या किनाऱ्यावरही लाटांनी आत आणलेले पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने परत समुद्रात जाते. त्या ओढीत सापडलेला माणूस किनाऱ्याच्या दिशेने झटतो आणि दमतो. अशा वेळी किनाऱ्याला समांतर सरकून ओढीच्या पट्ट्यातून बाहेर पडायचे असते. विहिरीत किंवा डिंभ्याच्या कालव्यात पोहायला शिकलेल्या माणसाला हे ठाऊक नसते. ‘मला पोहता येते’ हा आत्मविश्वासच इथे घात करतो.

नवे पूल झाले की एका दिवसात जमेल का?

सागरी महामार्गाच्या नव्या आराखड्यात खाड्यांवरील पूल हा सर्वात मोठा भाग आहे. करंजा-रेवस, रेवदंडा-साळाव, आगरदांडा-दिघी, बाणकोट, केळशी, दाभोळ, जयगड, काळबादेवी, कुणकेश्वर अशी ही मालिका आहे. यातील आगरदांडा-दिघी पूल पुणेकर प्रवाशांसाठी महत्त्वाचा ठरेल. बोरघाटाने उतरून अलिबाग-मुरूड करायचे, खाडी ओलांडून दिवेआगर गाठायचे आणि ताम्हिणीने परतायचे, असा गोल मार्ग फेरीबोटीची वाट न पाहता करता येईल.

तरीही अवसरीकरांचा दिवस त्यामुळे मोठा होणार नाही. पूल किनाऱ्यावरचे अंतर कमी करतील, सह्याद्री कमी करणार नाहीत. या प्रवासातील निम्म्याहून अधिक वेळ समुद्र दिसण्यापूर्वीच जातो आणि तो चाकण, घाट, वडखळ येथे जातो. उलट पूल झाल्यावर ‘एका दिवसात अलिबाग ते श्रीवर्धन’ अशा जाहिराती येतील आणि त्याच चालकाच्या त्याच दिवसात आणखी ७०-८० किलोमीटर कोंबले जातील, हा धोका अधिक आहे.

किनाऱ्यावरच्या गावांच्या दृष्टीनेही हा प्रश्न आहे. मुक्कामी पर्यटक घरगुती निवास, जेवण, मासळी, होडी यांवर खर्च करतो. सकाळी येऊन संध्याकाळी परतणारा पर्यटक रस्ता, पार्किंग, पाणी, स्वच्छतागृह वापरतो आणि त्या मानाने फार थोडे मागे ठेवतो. कचरा मात्र ठेवतो.

इतर देशांत अशा सहलींचे काय होते?

ऑस्ट्रेलियातील ‘ग्रेट ओशन रोड’ हा २४० किलोमीटरहून लांब रस्ता पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात बांधला. मेलबर्नहून छोट्या गटांच्या बारा-तेरा तासांच्या सहली तिथे रोज निघतात. दिवसभराच्या पर्यटकांचा भार आणि त्यामानाने स्थानिकांना मिळणारे तुटपुंजे उत्पन्न ही तिथलीही तक्रार आहे. २०२० मध्ये तेथील राज्य सरकारने या किनारी पट्ट्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले. इटलीच्या अमाल्फी किनाऱ्यावर २०२२ पासून गर्दीच्या दिवशी सम-विषम क्रमांकाच्या मोटारींना आळीपाळीने प्रवेश दिला जातो. आयर्लंडच्या ‘रिंग ऑफ केरी’ मार्गावर समोरासमोर अडकू नयेत म्हणून पर्यटक बस एकाच दिशेने फिरतात.

आपल्याकडे साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात रोजची पर्यटकसंख्या ठरवून नोंदणी केली जाते. सागरी मार्गावर अशी कोणतीही व्यवस्था नाही. रस्त्याचे एक खाते, बंदरांचे दुसरे, किल्ल्यांचे तिसरे आणि पर्यटनाचे चौथे. प्रवासी बोटींची परवानगी महाराष्ट्र सागरी मंडळ देते. २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात साहसी उपक्रम चालवणाऱ्यांसाठी नोंदणीची तरतूद आहे. पण ‘गाडीतून किनारा दाखवणारी एका दिवसाची सहल’ साहसी पर्यटनात मोडत नाही, त्यामुळे तिच्या आयोजकाची पात्रता कोणी तपासत नाही.

पैसे भरण्यापूर्वी काय तपासावे?

पहिली गोष्ट म्हणजे गाडीची पाटी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असतील तर ती भाड्याने वापरण्याची गाडी. पांढरी पाटी म्हणजे खासगी वाहन. ते पैसे घेऊन प्रवासी वाहतुकीसाठी वापरणे बेकायदा आहे आणि अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. गाडी ओळखीच्या माणसाची आहे, यामुळे हा नियम बदलत नाही. वाहन क्रमांकावरून पात्रता प्रमाणपत्र आणि विम्याची मुदत ‘एम-परिवहन’ अॅपवर पाहता येते.

दुसरी, चालक किती आणि कोण. एकच असेल तर आदल्या रात्री तो कुठे होता, हे विचारण्यात संकोच नको. तिसरी, त्या दिवसाची तिथी आणि भरतीची वेळ आयोजकाला माहीत आहे का. चौथी, जंजिरा किंवा फेरीबोट हवामानामुळे बंद राहिली तर पर्यायी कार्यक्रम काय आणि पैसे किती परत. पावसाळ्यात राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या होड्या बंद असतात, तरी काही जाहिरातींत जंजिऱ्याचे छायाचित्र बाराही महिने झळकते. पाचवी, कार्यक्रम, दर आणि समाविष्ट बाबी लेखी, निदान मोबाइलवरील संदेशात असाव्यात. सेवा ठरल्याप्रमाणे मिळाली नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ऑनलाइन आगाऊ रक्कम भरून फसवणूक झाल्यास १९३० वर तातडीने तक्रार करावी.

पर्याय काय आहेत?

पहिला पर्याय, सहल आखडती घ्यायची. दोन चालकांसह फक्त अलिबाग, चौल, रेवदंडा. काशीद-मुरूड-जंजिरा पुढच्या वेळी. दुसरा, एक मुक्काम वाढवायचा. शनिवारी सकाळी आरामात निघून दुपारी किनारा, रात्री घरगुती निवास, रविवारी सकाळी सागरी रस्ता आणि दुपारी परत. चालकाचे तास दोन दिवसांत विभागले जातात आणि पहाटेचा अंधार टळतो. तिसरा, किनाऱ्यावर पोहोचल्यावर स्थानिक गाडी आणि स्थानिक मार्गदर्शक घ्यायचा. छोट्या गटाची एका दिवसाची सहल ही कल्पना खरी शोभते ती अशी, अलिबाग किंवा मुरूडहून सुरू होऊन तिथेच संपणारी. गट मोठा असेल तर एसटीची बस प्रासंगिक करारावर घेता येते, मात्र बारा-चौदा जणांना ती परवडत नाही.

आंबेगाव-जुन्नरने यातून काय घ्यावे?

हा प्रश्न फक्त इथून जाणाऱ्यांचा नाही, इथे येणाऱ्यांचाही आहे. जुन्नरला २०१८ मध्ये पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी स्थापत्य’ म्हणून जे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यात शिवनेरी आहे आणि खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे सागरी किल्लेही आहेत. डोंगर आणि समुद्र एकाच यादीत आले. तसे ते जुने शेजारीच. सातवाहन काळात कोकणातील बंदरांवर उतरलेला माल नाणेघाटाने जुन्नरला येत असे.

मुंबई-ठाण्याहून माळशेज, नाणेघाट, शिवनेरी, भीमाशंकरला येणारे गटही ‘पहाटे निघा, रात्री घरी या’ याच हिशेबाने येतात. त्यांनी मुक्काम करावा, स्थानिक मार्गदर्शक घ्यावा, इथल्या खानावळीत जेवावे अशी इथल्या तरुणांची आणि बचत गटांची अपेक्षा असेल, तर कोकणात जाताना आपणही तसेच वागायला हवे. महिला उद्योजकांसाठी राज्याच्या ‘आई’ पर्यटन धोरणात कर्जावरील व्याजाच्या परताव्याची योजना आहे. तिचा आधार घेऊन डिंभे, भीमाशंकर, शिवनेरी परिसरात छोट्या गटांच्या सहली उभ्या करता येतील. त्यात पहिल्या दिवसापासून चालकाचे तास आणि ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार असलेला मार्गदर्शक, या दोन गोष्टी दरपत्रकातच लिहिल्या गेल्या तर कोकणच्या आयोजकांनाही तो धडा ठरेल.

थोडक्यात, अवसरी बुद्रुकहून समुद्र चार-साडेचार तासांवर आहे. तो एका दिवसात पाहता येतो. सागरी मार्ग मात्र एका दिवसात, एका चालकाच्या जिवावर पाहता येत नाही. माणशी शंभर-सव्वाशे रुपये किंवा एक रात्र, यापैकी काहीतरी जास्तीचे मोजावे लागते. ते मोजायचे नसेल तर रेवदंड्यालाही न जाता अलिबागहूनच परत फिरणे शहाणपणाचे.